स्मृतीचा घांस

माघ संपून फाल्गुन लागला, कीं आमच्या परभणीकडील सुशिक्षित घरांत एक निराळेंच सत्र सुरू होतें. परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठीं रात्रीं वाटींत बदाम भिजत पडतात. सकाळीं ते सोलून, सहाणेवर उगाळून दुधांतून दिले जातात. कोणी ब्राह्मीचें तेल टाळूवर थापतें, कोणी वेखंड उगाळून मधांत चाटवितें. आणि परीक्षेच्या दिवशीं घरांतील वडीलधारी बाई दारांत उभी राहून हातावर दहींसाखर ठेवल्यावांचून मुलाला उंबरा ओलांडूं देत नाहीं. बुद्धि ही देवाची देणगी खरी. परंतु तिच्या वाढीची वाट स्वयंपाकघरांतून जाते, ही आपल्या लोकांची पूर्वापार समजूत आहे.

ह्या समजुतीला हंसणारे लोक आजकाल पुष्कळ भेटतात, आणि तिच्या भरीं पडून मुलांच्या पोटांत वाटेल तें ढकलणारेही कांहीं कमी नाहींत. दोघांनींही ऐकावी अशी एक हकीकत आहे. अशीच समजूत, आणि आपल्याहूनही नेटकी मांडून ठेवलेली, यहुदी लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांत सांपडते. पाठांतरावर जगलेले जे थोडे समाज जगांत झाले, त्यांत वैदिक आणि यहुदी हे दोन ठळक होत. दोघांनींही आपली विद्या शतकानुशतकें तोंडीं सांभाळली. दोघांनाही विस्मृतीचें भय सारखेंच. आणि दोघांनींही त्या भयावरचा उतारा ताटांत शोधला. ह्या दोन ताटांत काय काय वाढलें होतें, त्यांतील घेण्याजोगें कोणतें आणि टाकण्याजोगें कोणतें, ह्याचा विचार आज येथें करावयाचा आहे.

प्रथम आपल्या घरचें पाहूं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आरुणि आपल्या श्वेतकेतु नामक पुत्राला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास सांगतो. पाणी मात्र हवें तितकें पिण्याची मुभा देतो. बारा वर्षें गुरुगृहीं राहून वेद शिकून आलेला हा तरुण नंतर बापापुढें येऊन बसतो, तों त्याला ऋचा, यजु, साम कांहींच आठवेना. बाप त्याला समजावितो, कीं मोठ्या अग्नीचा काजव्याएवढा एकच निखारा उरावा तशी तुझी गत झाली आहे. जा, जेवून ये. मुलगा जेवून येतो आणि विचारलेलें सारें घडाघडा सांगूं लागतो. मन अन्नाचें घडलेलें आहे हा सिद्धान्त आरुणि नुसता तोंडानें सांगून थांबत नाहीं. उपवास घडवून तो मुलाच्या अनुभवास आणून देतो. ह्या कथेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आरुणि मुलाला अमुक पदार्थ खा असें सांगत नाहीं. नुसतें जेव म्हणतो. बदाम नाहीं, ब्राह्मी नाहीं. भुकेल्या पोटीं विद्या टिकत नाहीं, एवढाच त्या ऋषीचा निर्णय. आणि तो आजही कोणास खोडून काढतां येणार नाहीं.

आतां यहुद्यांकडे वळूं. आजच्या इराकच्या भूमींत पूर्वीं बाबिलोन म्हणून जो प्रदेश होता, तेथील यहुदी पंडितांच्या शास्त्रचर्चेचा एक प्रचंड ग्रंथ आहे. त्याला बाबिलोनी तालमूद म्हणतात. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास त्याची रचना बहुतेक पुरी झाली. आपल्याकडील धर्मशास्त्रांतल्याप्रमाणें त्यांतही पूर्वपक्ष आहेत, उत्तरपक्ष आहेत, आणि मध्येंच गोष्टी, औषधें, घरगुती रीतिभाती अशा सर्व गोष्टी आहेत. त्यांतील ‘होरायोत’ नांवाच्या प्रकरणांत शिकलेलें कशानें विसरतें आणि कशानें परत आठवतें, ह्याच्या दोन याद्या दिल्या आहेत.

विसर पाडणाऱ्या गोष्टी अशा: उंदरानें अथवा मांजरानें तोंड लावलेलें खाणें, जनावराचें काळीज खाणें, जैतुनाचीं फळें नित्य खाणें, धुण्याकरितां घेतलेल्या पाण्यांतलें उरलेलें पिणें, आणि एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून धुणें. कोणी ह्यांत अंगावरचे कपडे उशाखालीं घेऊन निजणें हेंही घालतात. विद्या परत आणणाऱ्या गोष्टी अशा: निखाऱ्यावर भाजलेली भाकर, मिठावांचून खाल्लेलें अर्धवट शिजलेलें अंडें, जैतुनाचें तेल, मद्य व सुगंधी मसाले, आणि कणीक मळून उरलेलें पाणी. बोट मिठांत बुडवून चाखावें, असेंही एक मत आहे. अंडें आणि मद्य हीं आमच्या बहुतेक वाचकांच्या ताटांत येणारीं नव्हेत. परंतु निखाऱ्यावरची भाकर आणि कणकेचें पाणी वाचून आपण आपल्याच चुलीपाशीं बसलों आहों कीं काय, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

ह्या यादींतील जैतुनाची गोष्ट मोठी मौजेची आहे. जैतुनाचें फळ सत्तर वर्षांची विद्या विसरावयास लावतें, आणि त्याच फळाचें तेल सत्तर वर्षांची विद्या परत आणून देतें, असें तेथील आचार्यांचें म्हणणें. फळ एकच, कच्चें चावून खाल्लें तर तमोगुण, घाण्यांतून गाळून घेतलें तर सत्त्वगुण! आपल्या वैद्यकांतही संस्कारानें द्रव्याचा गुण पालटतो हें तत्त्व आहे, आणि लोण्याहून तूप मेधेला अधिक हितकर मानण्याच्या मुळाशीं तीच दृष्टि आहे. उंदीरमांजरांचें उष्टें, धुण्याचें उरलेलें पाणी, हीं तर सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या गृहिणीला कोणी समजावून सांगावयास नकोत. ह्याच प्रकरणांत पुढें विद्येला बाधक म्हणून अर्धीकच्ची भाकर खाणें आणि स्मशानांतून वाहत येणाऱ्या पाटाचें पाणी पिणें हींही सांगितलीं आहेत. ह्यांत स्मृतीचें शास्त्र किती, हें बाजूस ठेवलें तरी स्वच्छतेचें शहाणपण पुरेपूर आहे. पोट बिघडलेल्या मुलाचा अभ्यास होत नाहीं, हें सत्य जुन्या लोकांनीं विस्मृतीच्या भयाचा धाक घालून घरोघर पोंचविलें.

मुलाच्या विद्यारंभाच्या बाबतींतही हें साम्य दिसून येतें. गृह्यसूत्रांत जातकर्माच्या वेळीं मेधाजनन सांगितलें आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला सोन्यानें मध आणि तूप चाटवावयाचें आणि त्याच्या बुद्धीसाठीं प्रार्थना करावयाची. बाराव्या-तेराव्या शतकांत जर्मनी व उत्तर फ्रान्स येथील यहुदी लोकांत असाच एक संस्कार प्रचारांत होता. धर्मग्रंथ मिळाल्याच्या स्मरणाचा जो त्यांचा सण, त्या दिवशीं लहान मुलाला वस्त्रांत गुंडाळून, वाटेंत अशुभ कांहीं दृष्टीस पडूं नये अशा बेतानें गुरुजींकडे नेत. गुरुजी त्याला मांडीवर घेत. पाटीवर मुळाक्षरें असत. तीं म्हणून झालीं, कीं अक्षरांवर मध लावून तो मुलाकडून चाटवीत. मग वेदवचनांसारखीं वचनें लिहिलेली मधाची पोळी आणि तशींच वचनें लिहिलेलें उकडलेलें अंडें त्याला खाऊं घालीत, आणि विस्मृतीच्या अधिपतीनें मुलापासून दूर राहावें म्हणून मंत्र म्हणत. विद्येची पहिली चव गोड असावी, हा त्यांतला हेतु. आणि पाटीवर ‘श्रीगणेशा’ गिरविणाऱ्या मुलाच्या हातावर पेढा ठेवणाऱ्या आपल्या आयांचा हेतु त्याहून निराळा नाहीं. मात्र येथें एक सूचना केली पाहिजे. वर्षाच्या आंतील बाळाला मध देऊं नये, असें आजचें वैद्यक सांगतें. कारण मधांत क्वचित् असणाऱ्या जंतूंपासून तान्ह्या मुलाला घातक विकार होण्याचा संभव असतो. मेधाजनन करावयाचेंच, तर तें तुपाच्या बोटावर भागवावें, आणि तेंही डॉक्टरांस विचारून.

येथवर दोन ताटें शेजारींशेजारीं ठेवून पाहिलीं. पण एक पदार्थ असा आहे, कीं जो आपल्या ताटांतून उठून थेट त्यांच्या ताटांत गेला. तो म्हणजे आपला बिब्बा.

बिब्बा आमच्या भागांत कोणास ठाऊक नाहीं? नारिंगी रंगाच्या मांसल देंठाच्या टोकाला लोंबणारें तें काळें, चपटें, काळजाच्या आकाराचें फळ! परीट त्याच्या रसानें कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत. शेतकरी कांटा मोडलेल्या पायाला त्याचा चटका देई. सुया-दाभण विकणाऱ्या वैदू बाया टोपलींत बिब्बे घेऊन दारोदार फिरत. लिंबूमिरचीबरोबर तो दारावर बांधला, कीं दृष्ट लागत नाहीं, असें लोक मानतात. त्याच्या आंतली गोडंबी हिंवाळ्यांत डिंकाच्या लाडवांत आणि बाळंतिणीच्या खाण्यांत पडते. आणि चांगल्या चाललेल्या कामांत कोणी विघ्न आणलें, कीं त्यानें ‘मध्येंच बिब्बा घातला’ असें आपण म्हणतों, तें त्याच्या दाहक रसामुळेंच.

संस्कृतांत ह्याचें नांव भल्लातक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, रसायनांच्या पहिल्याच अध्यायांत, त्याला मानाचें स्थान आहे; तो जाठराग्नि प्रदीप्त करितो आणि मेधा वाढवितो असें तेथें वर्णन आहे. भल्लातक हा शब्द इराणांतून पश्चिमेकडे जातांजातां ‘बलादुर’ झाला, आणि ह्या नांवानें तो बगदादपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत स्मृतीचें औषध म्हणून गाजला. आजच्या ट्यूनिसियांतील कैरवान शहरीं दहाव्या शतकांत इब्न अल्-जज्जार नांवाचा प्रसिद्ध हकीम होऊन गेला. इसहाक इस्राएली ह्या यहुदी वैद्याचा तो शिष्य मानला जातो. त्यानें विस्मृति आणि तिचे उपचार ह्यांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला, आणि त्यांत बलादुराचे योग दिले. अरबी ग्रंथांवरून हीं औषधें हिब्रूंत आणि लॅटिनमध्यें गेलीं. यहुदी विद्यार्थी पाठांतरासाठीं बलादुर घेऊं लागले. युरोपांत बिब्ब्याच्या पाकाला ‘शहाण्यांचा पाक’ असें भारदस्त नांव मिळालें.

परंतु ह्या शहाण्यांच्या पाकाची दुसरी बाजूही लवकरच प्रगट झाली. नवव्या शतकांत बगदादेस अल्-बलादुरी नांवाचा मोठा अरबी इतिहासकार होऊन गेला, इ. स. ८९२ च्या सुमारास तो वारला. त्याच्या ह्या नांवाचें मूळ असें सांगतात, कीं त्यानें, अथवा त्याच्या आजोबांनीं, स्मृति वाढावी म्हणून बलादुर अतोनात घेतला आणि त्यापायीं वेड लागलें. युरोपांतही पुढें कोणा विनोदी वैद्यानें ‘शहाण्यांच्या पाका’ला ‘मूर्खांचा पाक’ म्हणावयास सुरुवात केली. आपल्या वैद्यांस हें आधींपासूनच माहीत होतें. बिब्बा विटेच्या चुऱ्यांत घोळून शुद्ध केल्यावांचून, दुधातुपाच्या संगतीवांचून, आणि प्रकृति पाहिल्यावांचून देऊं नये, असा त्यांचा कडक दंडक. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या राज्यांत युनानीला मोठा आश्रय असे. त्यामुळें वैद्यांचा भल्लातक आणि हकिमांच्या माजुनींतला बलादुर ह्या भागांत शेजारींशेजारीं नांदले; परंतु धोक्याविषयीं दोघांचें एकमत होतें.

हें विस्तारानें सांगण्याचें कारण उघड आहे. स्मरणशक्ति वाढविणाऱ्या म्हणून ज्या पुड्या, गोळ्या आणि चाटणें परीक्षेच्या हंगामांत विकलीं जातात, त्यांत काय असतें हें घेणारास पुष्कळदां ठाऊक नसतें. बिब्ब्याच्या टरफलांतील तेल कातडीवर फोड उठवितें, तोंड व घसा सोलून काढतें, आणि पोटांत गेल्यास मूत्रपिंडालाही इजा करूं शकतें. गोडंबी काढण्यासाठीं बिब्बे फोडणाऱ्या गरीब बायांचे काळवंडलेले, भाजलेले हात ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना ह्या रसाचा प्रताप निराळा सांगावयास नको. अशी वस्तु कोणाच्या सांगीवरून मुलाच्या जिभेवर ठेवणें म्हणजे त्याच्या आयुष्यांत खरोखरच बिब्बा घालणें होय.

आणि मौज पहा! ज्या यहुद्यांनीं आपल्या बिब्ब्याची इतकी महती मानली, त्यांच्यांतच एक जुनी म्हण रूढ झाली. तिचा आशय असा, कीं पुन्हां पुन्हां उजळणी कर, म्हणजे तुला बलादुराची गरजच पडणार नाहीं. तालमुदांतही दुसऱ्या एका ठिकाणीं सांगितलें आहे, कीं शंभर वेळां उजळणी करणारा हा एकशें एक वेळां उजळणी करणाराची बरोबरी करूं शकत नाहीं. आपल्याकडील दशग्रंथी ब्राह्मण काय निराळें करीत होते? संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्यांनीं तेंच मंत्र सरळ, उलट, गुंफून म्हणावयाचे. आणि आठवड्या-पंधरवड्यानें संथा पुन्हां फिरवावयाची. जर्मन संशोधक एबिंगहाउस ह्यानें १८८५ मध्यें निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विस्मृतीचें मोजमाप प्रसिद्ध केलें. शिकलेलें बरेंचसें पहिल्या कांहीं तासांतच विरून जातें, आणि अंतर ठेवून केलेल्या आवृत्तीनें तें टिकतें, हें त्याच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें. वेदपाठशाळेंतील गुरुजींना आणि तालमुदाच्या पंडितांना हें आंकड्यांवांचून समजलें होतें.

तर मग अन्नाचा आणि स्मृतीचा कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तो फार खोल आहे. तो पाहण्यासाठीं दूर जावयास नको. आपल्या कोंकणांत यावें.

अलीबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फार पूर्वीं एक जहाज फुटलें, त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांचाच वंश म्हणजे आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल, अशी त्या समाजाची परंपरा आहे. ग्रंथ समुद्रांत गेले. हिब्रू भाषा विसरली. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, गांवोगांवीं हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. तालमुदाप्रमाणें तेलानें सत्तर वर्षांची विद्या परत यावयाची. ह्यांची तर कित्येक शतकांची गेली होती, आणि घाण्यावर जन्म काढूनही ती परत आली नव्हती. पण ती सर्वस्वीं गेलीही नव्हती. ती स्वयंपाकघरांत जपून ठेवलेली होती. दावीद राहाबी नांवाचा एक यहुदी पाहुणा त्यांच्यांत आला, तेव्हां त्यानें परीक्षेसाठीं बायांपुढें निरनिराळ्या जातींचे मासे रांधावयास ठेवले. त्यांनीं खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूस सारले. असे मासे आम्ही खात नाहीं म्हणाल्या. यहुद्यांच्या धर्मग्रंथांतला आहारनियम तोच! पुस्तक हरवलें तरी नियम हातांत राहिला होता. ह्या पाहुण्यानें त्यांना आपले म्हणून ओळखलें, अशी कथा त्या समाजांत सांगतात.

त्यांच्या सणांचीं जुनीं नांवेंही अशींच बोलकीं आहेत. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा जो शोकदिन, त्याला ते बिरड्याचा सण म्हणत. दुसरा एक खिरीचा सण. हिब्रू नांव विसरलें, इतिहास अंधुक झाला, पण वालाच्या बिरड्याला गांठ मारून तो दिवस मात्र त्यांनीं हातचा जाऊं दिला नाहीं. पोहे, ओलें खोबरें, साखर आणि फळें ह्यांचा मलिदा करून एलिया पैगंबराचें स्मरण करण्याची त्यांची चाल तर आजतागायत चालू आहे. १७९६ मध्यें मुंबईस त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर झालें. पुढें वल्हांडण सणाच्या रात्रीं वाचावयाची पोथी मराठी भाषान्तरासह १८४६ त मुंबईस आणि १८७४ त पुण्यास छापली गेली. त्या रात्रीच्या ताटांत कडू पाला असतो, तो मिसर देशांतल्या गुलामगिरीच्या कडूपणाची आठवण म्हणून. मिठाचें पाणी असतें, तें अश्रूंची आठवण म्हणून. आणि बेखमीर भाकर असते, ती घाईनें निघावें लागल्याची आठवण म्हणून. घरांतलें सर्वांत लहान मूल विचारतें, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी कां? मग वडील माणूस सारी कथा सांगतो. अन्न आधीं, प्रश्न मग, आणि इतिहास शेवटीं. आमच्या मतें अन्नानें स्मृति वाढते ह्याचा खरा अर्थ हा आहे. पदार्थांत गुण असो वा नसो. पदार्थाला कथा बांधलेली असली, कीं ती पिढ्यान् पिढ्या सुटत नाहीं. आपल्या गुढीपाडव्याचा कडुनिंब आणि संक्रांतीचा तिळगूळ ह्याच जातीचे. आज घरांतील मुलांना त्यांची गोष्ट सांगितली जाते काय, हें प्रत्येकानें आपल्याशीं पाहावें.

ह्याच विचारानें आम्ही पुन्हां परभणीच्या मातीवर येतों. आमच्या जिल्ह्यांतील गोदाकांठचें गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मगांव. पंढरपुरास नामदेवांच्या घरीं दळणकांडण करीत असतां तिनें अभंग रचिले. आणि तिच्या मागें ह्या प्रान्तांतील लक्षावधि अनामिक बायांनीं जात्यावर ओव्या गाइल्या. गी पुआतेवँ आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकारानें महाराष्ट्रांतील खेड्यांतून अशा ज्या ओव्या गोळा झाल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. ह्या बायांना बदाम कोणी भिजत घातले होते? ब्राह्मी कोणी उगाळली होती? अक्षरओळखही बहुतेकींना नव्हती. आवृत्ति, चाल, आणि पहांटेचें सोबतीचें काम, ह्या तीन गोष्टींवर त्यांनीं एवढी संपत्ति मुखोद्गत ठेविली. स्त्रियांना बुद्धि कमी असें ज्या घरांत अजूनही बोललें जातें, त्यांनीं ह्या आंकड्याचा शांतपणें विचार करावा.

आणि येथेंच आमच्या मनांतली मुख्य गोष्ट आम्हांस स्पष्ट बोलली पाहिजे. एकत्र कुटुंबांत बदामाची वाटी कोणापुढें जाते? परीक्षा मुलाची असो वा मुलीची, जाडसर सायीचें दूध मुलाच्या पेल्यांत पडतें. मुलगी आणि सून मागाहून, उरलेल्या आमटीभाकरीवर बसतात. आणि वर उपासतापासही त्यांच्याच वांट्याला अधिक. ही चाल पुष्कळ घरांतून गेली, हें आनंदानें मान्य करूं. पण सर्वत्र गेली असें म्हणवत नाहीं. २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. आणि सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलांत हें प्रमाण शेंकडा ६७ होतें. रक्त कमी होण्याचें एक मोठें कारण लोहाची उणीव. आणि लोह कमी पडलें, कीं मूल मंद दिसतें, लक्ष लागत नाहीं, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. म्हणजे ज्याला आपण ‘हिला डोकें नाहीं’ म्हणतों, तो कित्येकदां डोक्याचा दोष नसून ताटाचा दोष असतो. श्वेतकेतूला पंधरा दिवसांत जें झालें, तें आमच्या कित्येक मुलींना वर्षानुवर्षें होत असतें. आणि त्यांना ‘जा, जेवून ये’ म्हणणारा आरुणि भेटत नाहीं.

उपाय फार दूरचा नाहीं, आणि फारसा खर्चाचाही नाहीं. तालमुदानें निखाऱ्यावरची भाकर सांगितली. आमच्या परभणीला ती नवी नव्हे. ज्वारी हें ह्या काळ्या मातीचें धान्य. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ मध्यें स्थापन झालें, आणि त्याला आतां वसंतराव नाईकांचें नांव आहे; त्यानें हैदराबादजवळील पाटनचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काम करून २०१८ मध्यें ‘परभणी शक्ति’ नांवाची ज्वारी प्रसृत केली. नेहमींच्या ज्वारींत किलोमागें सुमारें ३० मिलिग्रॅम लोह असतें, तें हींत सुमारें ४५ मिलिग्रॅम. जस्ताचें प्रमाणही तिच्यांत अधिक. दूरदेशींच्या बाजारांत स्मृतीचें औषध म्हणून बिब्बा धाडणाऱ्या ह्या देशांत आतां परभणीच्या शेतांतून स्मृतीचें खरेंखुरें अन्न निघूं लागलें आहे, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते. मात्र भाकरींतील लोह सगळेंच अंगीं लागत नाहीं. तिच्याबरोबर पालेभाजी, उसळ आणि वर लिंबू पिळलेलें असावें. आवळा किंवा पेरू असल्यास उत्तमच. आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची जी खोड आपणांस लागली आहे, ती निदान वाढत्या मुलांना लावूं नये, कारण चहानें लोह अंगीं लागण्यास अडथळा होतो. रक्त फारच कमी असल्यास नुसत्या भाकरीवर विसंबून न राहतां तपासणी करून डॉक्टर देतील त्या गोळ्या घ्याव्या.

बदाम देऊं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. ते पौष्टिक आहेत. पण भुईमूग, तीळ, फुटाणे हींही पौष्टिकच आहेत, आणि तीं घरांतील साऱ्या मुलांना पुरतात. एका मुलाला चार बदाम देण्याऐवजीं चारही मुलांना मूठमूठ फुटाणे आणि गुळाचा खडा देणें अधिक न्यायाचें आणि बहुधा अधिक गुणाचें. परीक्षेच्या दिवसांत सकाळचें खाणें चुकवूं नये. रात्रीं जागून पाठ करण्यापेक्षां लवकर निजवावें, कारण दिवसा शिकलेलें झोंपेंतच मनांत पक्कें बसतें. आणि आज वाचलेलें दोन दिवसांनीं, मग आठवड्यानें, मग पंधरवड्यानें पुन्हां म्हणवून घ्यावें. हीच संथा. दहींसाखर मात्र खुशाल हातावर ठेवावी. तिच्यानें उत्तरें आठवतात असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. परंतु ती ठेवणाऱ्या हाताची आठवण जन्मभर राहते, ह्याला साक्षीपुराव्याची गरज नाहीं. एवढेंच, कीं तो हात दारांतून बाहेर पडणाऱ्या मुलापुढें जितक्या प्रेमानें होतो, तितक्याच प्रेमानें मुलीपुढेंही झाला पाहिजे.